पुढील तपासणी दिनांक

शिरोलीच्या लॅबमध्ये मी गेज तपासते.
उद्यमनगरातनं टेम्पोने येतात, तेलकट फडक्यात गुंडाळून,
जाताना अंगावर पिवळं स्टिकर:
तपासले अमुक तारखेला, पुढील तपासणी तमुक.
खाली माझी सही, व्ही. डी. चौगुले.

माझ्याही आत एक आहे.
बत्तीस मिलिमीटर, असं वाचलेलं.
मी मोजलेलं नाही.
तिचं कार्ड रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये,
बदलण्याची तारीख एकोणीस.
आज चार.

डॉक्टर शिरगुप्पे लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात,
सव्वीसला येणार.
(बाळंतपणालाच. मी फोन ठेवून हसले एकटीच.)
काउंटरवरची मुलगी म्हणाली,
आठवड्यानं काय होतंय ताई,
दूध आहे होय ते, नासायला?

मला माहीत आहे.
मायक्रोमीटर रात्री बारा वाजता बिघडत नाही,
हे नवीन पोरांना मीच सांगते.
आणि तारीख उलटलेल्यावर सही करत नाही, तीही मीच.

पण आतलं औषध झिरपत झिरपत कमी होत जातं म्हणे.
आमच्या टेकाडावरच्या नळासारखं,
शेवटची घागर भरताना
पाणी आहे की नुसती हवा
ते आवाजावरनं ओळखावं लागतं.
इथे आवाज नाही.

पाच वर्षं पाळी नाही.
सासूबाईंना वाटतं, सुटली लवकर, बरं झालं.
त्र्यंबोलीच्या जत्रेला, नैवेद्याला, पापडाच्या पिठाला
मला आता कुणी विचारत नाही.
मीही सांगितलं नाही.
पहिल्या वर्षी केवढं मोकळं वाटलं होतं,
कपाटातला तो कप्पाच रिकामा,
तिथे यशोधनचे सॉक्स.
आता एकेचाळिसाव्या वर्षी रात्री दोनला बसून विचार करते,
जी येतच नाही
ती चुकली, हे कळायचं कसं?

एकदा चुकला होता हिशेब. छत्तिसाव्या वर्षी.
त्याचं काय केलं ते आम्हा दोघांना माहीत.
त्यानंतर ही.

परवा धैर्यशीलला म्हटलं, तारीख जवळ आली.
म्हणाला, गाडीच्या इन्शुरन्सची?
मग माझ्याकडे बघितलं
आणि पंख्याचं बटण उगाच एक कमी केलं.
म्हणाला, तोवर मी आणतो की.
गल्लीतलं मेडिकल त्याच्या मावसभावाचं,
म्हणून फुलेवाडीपर्यंत गेला.
तासाभराने आला, पिशवीत वर भडंगाचा पुडा,
खाली कागदात गुंडाळलेलं ते,
आणि न सांगता आणलेली तपासणीची पट्टी.
यशोधनने भडंग फोडला.
मी पिशवी ओढून घेतली तशी म्हणतो कसा,
आई, संपत नाही मी सगळं.

पट्टी घरी नको वाटली.
आज डबा खायच्या सुट्टीत, लॅबच्या संडासात.
पाच मिनिटं थांबायचं लिहिलेलं, मी सात थांबले.
एक रेघ.
डोळ्यांवर विश्वास नाही आमच्या धंद्यात,
रुमालात गुंडाळून आणली, भिंगाखाली धरली,
दुसरीच्या जागेवर सावलीसुद्धा नाही.
मग वरचा दिवा वाढवून परत बघितलं.
बरोबर आहे. आजपुरतं.
कालचं यात नाही, उद्याचं तर नाहीच.

भिंग पुसत होते, तोवर आडमुठे फाउंड्रीचं पोरगं आलं,
फडक्यात प्लग गेज,
तारीख तीन दिवस उलटलेली.
मॅडम, साहेब म्हणत्यात चालवून घ्या.
तीन दिवसानं काय होतंय?

रोज माझ्याकडे उत्तर असतं.
आज म्हटलं, बस तिथं.
चहा घेतोस?